फिरंग्याचा शब्द आणि शिंद्यांचा हुकूम

१. बीड येथील मन्सूरशाह दर्ग्याचे नाव निघाले की महादजी शिंदे आठवतात. या अवलियावर महादजींची गाढ श्रद्धा होती. श्रद्धेत परक्या-आपल्याचा भेद न मानणाऱ्या या सरदाराने फौज उभारतानाही तो मानला नाही. १७८४ मध्ये सॅव्हॉयचा द बॉयन त्यांच्या चाकरीत आला आणि कवायती कंपू उभे राहिले. त्याच कंपूंच्या काळात नेपल्सच्या मायकेल फिलोजचे घराणे शिंदेशाहीत रुजले.

२. मराठी वाचकाला फिलोज ठाऊक आहे तो एका दग्यामुळे. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणवीस दौलतराव शिंद्यांच्या भेटीस पुण्याजवळील छावणीत गेले, ते फिलोजने सुखरूप परतीचा शब्द दिला म्हणून. तेथे त्यानेच त्यांना कैद केले. नानांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली.

३. ‘फिरंग्याने दगा दिला’ असे म्हणून हा प्रसंग मिटवला जातो. हा निवाडा सोयीचा आहे, न्याय्य नाही. शब्द फिलोजचा होता; हुकूम दौलतरावांचा होता. नानांच्या पक्षाची घरे लुटण्यासाठी माणसे धाडणारे सर्जेराव घाटगे तर अस्सल मराठे. वचनभंगाचा दोष फिलोजवर राहीलच; परंतु कटाचे धनी परमुलखातले नव्हते.

४. पुढे नानांची सुटका झाली. सूडाच्या भयाने मायकेलने मुंबई गाठली; पलटणी मुलांकडे राहिल्या. एकोणिसाव्या शतकात त्याचा मुलगा जाँ बाप्तिस्त याने दौलतरावांसाठी चंदेरी, बजरंगगड जिंकले. त्या मुलखातील राजपूत घराण्यांसाठी हे विजय म्हणजे राज्यनाश होता, हेही विसरू नये.

५. द बॉयनने १७९५ मध्ये चाकरी सोडली आणि अखेरीस अमाप संपत्तीसह शांबेरीत स्थायिक झाला. कीर्ती त्याला लाभली. फिलोज मात्र ग्वाल्हेरीतच राहिले. याच घराण्यातील सर मायकेल फिलोज यांनी जयाजीराव शिंद्यांसाठी १८७४ मध्ये पूर्ण झालेला जयविलास महाल उभारला.

६. महालाचे कौतुक शिंद्यांच्या खाती आणि दग्याचा डाग फिलोजच्या खाती, अशी वाटणी इतिहासाला शोभत नाही. माणसाची जन्मभूमी त्याच्या कृत्याचा पुरावा नसते. चाकराचा हिशेब मांडताना धन्याचे पानही उघडावेच लागते.