ओढ्याकाठची मोजदाद

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या बांबर्डे गावच्या देवराईत ओढ्याच्या पाण्याने दलदल झाली आहे. रानजायफळाच्या कुळातली झाडे तिथे चिखलातच उभी असतात. चिखलात हवा कमी. म्हणून त्यांची मुळे श्वास घ्यायला गुडघ्यासारखी वाकून वर येतात. जेमतेम अडीच हेक्टरची ही राई २०२१ मध्ये राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली.

अशा ठिकाणी पाहणी करताना काठाने दोरी लावून ठरावीक मापाचे चौकोन आखतात. प्रत्येक झाडाचा घेर छातीइतक्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेपने मोजतात. मोठमोठे आकडे वहीत चढले की बरे वाटते. जाणकाराची नजर मात्र खाली असते. रोपे किती आहेत?

या झाडांचे बी वाळले की रुजत नाही. वरच्या अंगाला पाट काढून पाणी बागायतीकडे वळवले, तर जुनी झाडे काही वर्षे तशीच उभी दिसतात. रोपे तेवढी दिसेनाशी होतात. घरात आजोबा आहेत, पण पाळणा हलत नाही, अशी ती गत!

म्हणून झाड राखायचे, तर आधी ओढा राखायला हवा.