कार्ड घ्या, गोड बोला!

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठी म्हणजे टाइमटेबलमधला एक तास, आणि मधल्या सुट्टीत मराठीत बोललं तर एक रुपया दंड! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ हा प्रकार माझ्या कंट्रोलबाहेरचा आहे. हा लेख आजीकडून तपासून घेतलाय. चुका दिसल्या तर माझ्या, आणि आवडला तर श्रेय आजीचं.

तर मित्रांनो, विषय आहे नेटवर्किंग. (कॉम्प्युटरवाल्यांनो, राउटर ठेवा बाजूला. हे माणसांचं नेटवर्किंग.)

गेल्या वर्षी एस.ई.ला असताना आपल्या कॉलेजच्या ॲल्युम्नी मीटची नोटीस लागली. 'फॉर्मल्स कंपल्सरी. नेटवर्किंग ओव्हर हाय टी.' सीनियर्सनी ज्ञानामृत पाजलं : तीस सेकंदांत स्वतःची ओळख पाठ कर, हात घट्ट मिळव, जास्तीत जास्त लोकांना गाठ, कार्ड मिळालं की पुढचा माणूस पकड. मी आरशासमोर उभी राहून प्रॅक्टिस केली. इंग्लिशची भीती नव्हतीच. दंड भरून भरून शिकलेलं इंग्लिश होतं ते!

माझी रूममेट लातूरजवळच्या एका गावातली. दहावीपर्यंत मराठी मीडियम. ती म्हणाली, "अगं, मी नाही येत. तिथं सगळे इंग्लिशमध्ये बोलणार, मी काय बोलू?" मी तिला ओढतच नेलं. पण खरं सांगते, हॉलच्या दारात पोचल्यावर तिला तिथेच सोडून मी आत घुसले. मला टार्गेट पूर्ण करायचं होतं ना!

दोन तासांत मी १७ जणांना भेटले. कार्डं गोळा केली, क्यूआर कोड स्कॅन केले, प्रत्येकाला तोच पाठ म्हणून दाखवला. रात्री सगळ्यांना लिंक्डइनवर रिक्वेस्ट आणि खाली तोच कॉपी-पेस्ट मेसेज. ११ जणांनी ॲक्सेप्ट केली. उत्तर आलं दोघांचं. एकांनी लिहिलं, 'ऑल द बेस्ट.' दुसऱ्या मॅडमनी विचारलं, 'भेटून आनंद झाला, पण तुला माझ्याकडून नक्की काय हवं आहे?'

मी तो मेसेज दहा वेळा वाचला. उत्तर सुचेना. कारण त्या कुठल्या कंपनीत आहेत हे मला माहीत होतं, पण त्या तिथे काय काम करतात हे मी विचारलंच नव्हतं!

आता रूममेटचं ऐका. ती दारापासून थेट समोशांच्या टेबलापाशी गेली, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. तिथे एक वयस्कर माजी विद्यार्थी एकटेच उभे होते. त्यांनी मराठीत विचारलं, "गाव कुठलं तुझं?" गावावरून वडिलांच्या कामावर आले. तिच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आणि हे सर निघाले मोटारींच्या प्रोटेक्शन रिलेवर काम केलेले!

मग हिनं विचारलं, "सर, लाइन रात्रीची असते, व्होल्टेज कमी. तुमचा रिले बरोबर ट्रिप होतो. पण रात्री दोन वाजता परत शेतात कोण जाणार? साप-विंचवाची भीती. म्हणून शेतकरी रिलेच बायपास करतात आणि मोटार जळून आमच्या दुकानात येते. मग रिलेचा उपयोग काय?"

सरांनी हातातली प्लेट खाली ठेवली.

इलेक्ट्रिकलच्या नसलेल्यांसाठी थोडक्यात. पंपावरचा लोड तेवढाच राहिला आणि व्होल्टेज उतरलं, की इंडक्शन मोटार जास्त करंट ओढते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, इन्सुलेशन जळतं. तिचे वडील नुसतं वाइंडिंग बघून सांगतात की मोटार का गेली. सगळी कॉइल्स सारखी काळी असतील तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. काही कॉइल्स काळी आणि बाकीची कोरी असतील तर एक फेज गेलेला. हे आम्ही पुस्तकात नंतर वाचलं. तिला आठवीपासून माहीत होतं.

अर्धा तास दोघं बोलत होते. निघताना सर म्हणाले, दुकानात येणाऱ्या जळक्या वाइंडिंगचे फोटो पाठवत जा. हिनं खरंच पाठवले. प्रत्येक फोटोखाली दोन ओळी : किती एचपी, बोअर की विहीर, रिले होता की काढला होता. सर चुका दाखवायचे, प्रश्न विचारायचे. चार महिन्यांनी त्यांच्या ओळखीनं तिला एक टेस्टिंग लॅब बघायला मिळाली. जाताना ती मलाही घेऊन गेली. दारात सोडून गेली नाही.

सांगायचा मुद्दा काय? 'नेटवर्किंग फालतू असतं' असं मी अजिबात म्हणत नाही. उलट, अनोळखी माणसांची ओळख फार कामाची असते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक गाजलेला निबंध आहे. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ज्यांनी ओळखीतून नोकरी मिळवली, त्यांना त्यानं विचारलं, त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे फक्त १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के! कारण सोपं आहे. आपल्या कट्ट्यावरच्या मित्रांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी येते ती लांबच्या माणसाकडून. २०२२ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यातही साधारण हेच दिसलं, पण एका फरकानं : सगळ्यात उपयोगी पडली ती थोडीशी लांबची ओळख. अगदीच नावापुरती ओळख तेवढी कामाची नाही. म्हणजे माझे ११ कनेक्शन्स आणि तिचे एक सर, यातला फरक आकडेवारीलाही कळतो!

आजीला हे सगळं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "यात नवीन काय? आमच्या हळदीकुंकवात दुसरं काय व्हायचं?" कुणाच्या ऑफिसात जागा निघाली, कुणाची खोली भाड्यानं द्यायची आहे, कुणाला टायपिंग येतं, सगळं वाण लुटतानाच कळायचं. वर म्हणाली, "पण नुसतं वाण घेऊन पळणारीला पुढच्या वर्षी कुणी आग्रह करत नसे. ओळख करणं सोपं गं, ओळख ठेवणं कठीण."

आता कुणी म्हणेल, हा तर वशिलाच झाला! मलाही आधी तसंच वाटायचं. पण वशिल्यात आपण काय येतं हे कुणी विचारत नाही, आपण कुणाचे हे विचारतात. रूममेटला सरांनी ती कुणाची म्हणून फोन नंबर दिला नाही. तिच्याकडे प्रश्न होता आणि स्वतः बघितलेली माहिती होती. द्यायला काहीतरी होतं. एस.ई.च्या पोरांकडे काय असणार द्यायला, असं म्हणू नका. आपल्या गावचं, घरच्या धंद्याचं, बंद पडलेल्या प्रोजेक्टचं, असं काहीतरी प्रत्येकाकडे असतं.

म्हणून माझं मत असं. १७ जणांऐवजी दोघांनाच भेटा. जायच्या आधी ते काय काम करतात ते वाचा. खरंच न सुटलेला एक प्रश्न घेऊन जा. नोकरी पहिल्याच भेटीत मागू नका. त्यांनी सांगितलेलं पुस्तक वाचा, प्रयोग करून बघा आणि 'करून बघितलं, असं झालं' हे त्यांना कळवा. आणि समोरचा मराठीत बोलला तर मराठीत बोला, लाज कसली?

शेवटचं माझ्यासारख्यांसाठी. आपल्याला इंग्लिश फाडफाड येतं हे आपलं कर्तृत्व कमी आणि आईबाबांनी भरलेल्या फीचं जास्त. त्या दिवशी समोशांच्या टेबलापाशी ते सर नसते, तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगली इंजिनियर असलेली मुलगी कुणाशीही न बोलता रूमवर परत आली असती, आणि त्यात माझाही हात असता. त्या हॉलमध्ये मी एवढंच म्हणायला हवं होतं, "सर, ही माझी मैत्रीण. हिला मोटारींबद्दल विचारा." दहा सेकंदांचं काम! तीस सेकंदांच्या त्या पाठांतरात ते एक वाक्य नव्हतं.

त्या मॅडमना मी शेवटी उत्तर लिहिलं. खरं तेच लिहिलं, की तेव्हा काही प्रश्नच नव्हता, कार्डं गोळा करत होते, सॉरी. त्यांनी एक स्मायली पाठवली आणि विचारलं, 'आता आहे का?'

आता आहे. यंदाच्या मीटला त्या येणार आहेत. मी आणि रूममेट दोघी जाणार आहोत, दारातून एकत्र.

बघा, पटतंय का!