भाड्याची स्कूटर आणि आई

जेट्टीबाहेरच्या स्कूटरवाल्या मुलानं लायसन्स मागितलं. मी पर्स उपसत होते, तेवढ्यात आईनं आपलं लायसन्स पुढे केलं. नवं कोरं कार्ड, त्यावर चष्म्यातला फोटो. मी बघतच राहिले. आईचं वय सदुसष्ट. बाबा गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, ती आमच्याकडे कोलकात्यात राहते आणि या दोन वर्षांत तिनं सायकलच्या हँडललासुद्धा हात लावलेला नाही.

"हे कधी काढलंस?"

"दिवाळीनंतर पुण्याला गेले होते ना, घर भाडेकरूंच्या ताब्यात द्यायला. तेव्हाच नूतनीकरण करून घेतलं. मुदत संपत आली होती."

"मला बोलली नाहीस!"

"तू काय म्हणाली असतीस, ते मला ठाऊक होतं," आई म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा आपल्याला पुरतो का, ते बघू लागली. पुण्याची बाई आपणहून हेल्मेट मागते, याचंही त्या क्षणी मला नवल वाटलं.

आम्ही होतो अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर. 30 डिसेंबर 2018 पासून त्याचं नाव स्वराज द्वीप झालं आहे, पण दुकानांच्या पाट्यांवर आणि माणसांच्या तोंडी जुनं नाव अजून आहेच. कोलकातावाल्यांना अंदमान तसं जवळचं. विमानानं दोन-सव्वादोन तास, आणि हौस व वेळ दोन्ही असेल तर खिदिरपूरच्या गोदीतून जहाजानं तीन-चार दिवस. आईला सेल्युलर जेल बघायचं होतं. सावरकर बंधूंची कोठडी बघितल्याशिवाय मरायचं नाही, असं ती माझ्या लहानपणापासून म्हणत आली आहे. ते पोर्ट ब्लेअरला (2024 पासून श्री विजयपुरम) पहिल्याच दिवशी झालं. तिथं ती फारसं बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. हॅवलॉकची कल्पना माझी. समुद्रकिनारी दोन दिवस तिनं आरामात बसावं, एवढाच माझा बेत होता. सरकारी बोटीनं अडीच तासांत आम्ही पोहोचलो.

बेट बघायला स्कूटरसारखं वाहन नाही. टॅक्सीवाला ठरलेल्या चार ठिकाणी नेतो आणि घड्याळ बघत उभा राहतो. बसची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो. स्कूटर असली की वाटेत सुपारीच्या बागेशी थांबता येतं, चुकलं तर परत फिरता येतं, आणि बेट असल्यामुळे चुकून चुकून जाणार कुठे? शेवटी समुद्रच लागणार. भूमध्य समुद्रातल्या ग्रीस-इटलीच्या बेटांवर जाणारे प्रवासी वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. आजच्या धाटणीची स्कूटर मुळात तिकडचीच. इटलीतल्या पियाज्जो कंपनीनं 1946 साली व्हेस्पा काढली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. 1953 च्या 'रोमन हॉलिडे' चित्रपटात ऑड्री हेपबर्न तिच्यावरून रोमभर फिरली आणि जगाला वेड लागलं. आपल्याकडे बजाजनं साठच्या दशकात त्याच कंपनीच्या परवान्यानं व्हेस्पा बनवल्या, मग 1972 मध्ये चेतक आली. पुणेकर त्यावर जे बसले ते अजून उतरलेले नाहीत.

आईही त्यातलीच. आधी लूना, मग कायनेटिक होंडा. शाळेतली नोकरी, मंडई, माझा नाचाचा क्लास, आजीचं डॉक्टर, सगळं तिनं त्या दोन गाड्यांवर केलं. बाबा मागे बसायचे. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, याचं मला आता कौतुक वाटतं. आणि हीच बाई कोलकात्यात आल्यावर खाली दूध आणायला जायचं तरी "जाऊन येऊ का गं?" असं विचारते. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला जायचं, तर मला सुट्टी कधी आहे, ते विचारून. भाषा नवी, बसवाले अंगावर येणारे. मला वाटायचं, वय झालं. तिला पुण्याला परत जायचं आहे, हे ती दोनदा बोलून गेली होती. एकटीनं राहायचं नाही, असं मी दोन्ही वेळा ठासून सांगितलं होतं.

स्कूटरवाल्या मुलानं बंगालीत विचारलं, "माशिमा, आपनि चालाबेन?" म्हणजे मावशी, तुम्ही चालवणार? पन्नासच्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनं इथं वसवलं. त्यामुळे बेटावर बंगाली सहज चालतं, फक्त वळण पद्मेपलीकडचं. आईला प्रश्न कळला. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "आज ही चालवेल."

गाडी घेण्याआधी तिनं जे केलं ते मी कधीच केलं नसतं. गाडीभोवती फिरून आधीचे ओरखडे त्या मुलाला दाखवले आणि मला फोटो काढायला लावले. दोन्ही ब्रेक दाबून बघितले, टायर अंगठ्यानं चेपले, विम्याचे कागद मागितले. मूळ लायसन्स ठेवून घेतो म्हणाला, तर झेरॉक्स दिली आणि अनामत रोख भरली. दिवसाला पाचशे रुपये ठरले, पेट्रोल आपलं. तुम्ही कुठेही भाड्यानं घ्याल तेव्हा नंबरपाटीही बघा. भाड्यानं चालवायला देण्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. गोव्यात अशा पाट्या जागोजाग दिसतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात मिळते खरी, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. परदेशी बेटावर जाणार असाल, तर आपल्याच आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तो वर्षभर चालतो. माल्टा आणि सायप्रसमध्ये आपल्यासारखं डावीकडून चालवतात. ग्रीस आणि इटलीत मात्र उजवीकडून.

बेटावरचे रस्ते समजायला सोपे. जेट्टीपासून बाजारात यायचं. तिथून एक फाटा पूर्व किनाऱ्यानं काळापत्थरकडे जातो, दुसरा बेट ओलांडून पश्चिमेला राधानगरला, साधारण बारा किलोमीटर. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर: गावांना सगळी कृष्णाच्या घरची नावं. दोन्ही बाजूंना भातशेतं, केळी, सुपारी आणि मग दाट जंगल. घर सोडून आलेल्या माणसांनी इथं पुन्हा तळी खणली, तुळशी लावल्या. आई मागून सारखी "थांब, थांब" म्हणत होती. मला राधानगर गाठायची घाई.

त्या घाईतच पडलो. एका वळणावर समोरून जीप आली. मी गाडी कडेला घेतली, खडीवर चाक गेलं, मी ब्रेक दाबला आणि गाडी आडवी झाली. वेग चालण्याइतकाच होता. माझा तळहात आणि गुडघा सोलवटला, एक आरसा फुटला. आई गवतात बसल्यासारखी पडली. तिला काही झालं नाही, पण सदुसष्टाव्या वर्षी पडणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. बेटावर आरोग्य केंद्र आहे. हाड मोडलं तर मात्र बोटीनं पोर्ट ब्लेअर. माझे पाय लटपटत होते. जीपमधल्या दोघांनी गाडी उभी करून दिली.

आईनं साडीवरचं गवत झटकलं. "खडीवर पुढचा ब्रेक दाबलास. कॉलेजात असताना सांगितलं होतं की नाही?" मग किल्ली मागितली.

मी मागे बसले. पहिलं अर्धा किलोमीटर तिचा हात जड होता, गाडी डुलत होती. मग ती स्थिर झाली. प्रत्येक वळणावर हॉर्न, उतारावर मागचा ब्रेक हलकेच, आणि मागून कुणी आलं की निमूट वाट द्यायची. लहानपणी मी तिच्या पाठीला गाल लावून झोपायचे, पडशील म्हणून ती मला साडीच्या पदरानं बांधायची. ते आठवलं आणि जरा लाजही वाटली.

राधानगरचा किनारा 2004 साली 'टाइम'नं आशियातला सर्वांत सुंदर म्हटला होता. 2020 मध्ये त्याला स्वच्छतेबद्दलचं ब्लू फ्लॅग मानांकनही मिळालं. पांढरी वाळू, मागे उंच जंगल, आणि पाण्याचा रंग फोटोत येत नाही तो. पोहायचं असेल तर जीवरक्षक सांगतील तिथंच पोहा. 2010 साली जवळच्याच एका भागात मगरीनं एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा बळी घेतला होता. अंदमान आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून खूप पूर्वेला असल्यामुळे फेब्रुवारीतही साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. सगळे त्यासाठीच बसले होते. सूर्य हातभर वर असतानाच आई उठली.

"अगं, यासाठीच तर आलो!"

"तू बघ जीपनं येऊन. मला अंधारात समोरचे दिवे आले की दिसत नाही. दिवसा चालवते, रात्री नाही. डॉक्टरांनाही तसंच सांगितलं होतं."

कुठले डॉक्टर, ते परतताना कळलं. वयाची चाळिशी उलटली की नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, तो नमुना 1-अ. पंचावन्न ओलांडल्यावर परवाना पाचच वर्षांसाठी मिळतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. आईनं त्याआधीच सगळं उरकलं होतं. तुमच्या घरच्या ज्येष्ठांचं कार्ड कपाटात पडलं असेल, तर तारीख आजच बघा.

दुसऱ्या दिवशी सहाला जाग आली तर आई नव्हती, स्कूटरही नव्हती. फोनला रेंज नाही. टेबलावर हॉटेलच्या बिलामागे लिहिलं होतं, 'काळापत्थरला जाऊन येते.' पाऊण तास मी फाटकाशी उभी होते. त्या पाऊण तासात मनात आलेलं सगळं इथं लिहीत नाही. ती आली, पुढे पायाशी केळ्यांचा घड आणि दोन शहाळी. बाजारात एका म्हाताऱ्या बाईनं तिला चहा पाजला होता. त्या बाईला मराठी येत नाही, आईला धड बंगाली येत नाही, तरी तिच्या तीन मुलांची आणि दोन सुनांची पूर्ण हकिकत आईला माहीत झाली होती.

"मला उठवायचं नाहीस?"

"तू नको म्हणाली असतीस."

दुपारी गाडी परत केली. फुटलेल्या आरशाचे तीनशे मी भरले, कारण चूक माझी होती. बाकीच्या ओरखड्यांवर तो मुलगा बोलू लागला, तेव्हा आईनं फोनमधले फोटो दाखवले. तो हसला आणि अनामत परत दिली.

बोटीत आम्ही वरच्या डेकवर बसलो. बेट मागे हिरवं हिरवं होत लहान होत गेलं. पुण्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार ऑक्टोबरात संपतो, हे मला माहीत होतं. तो पुढे वाढवायचा, असं मीच परस्पर ठरवून टाकलं होतं.

"भाडेकरूंना किती आधी कळवावं लागतं?" मी विचारलं.

"एक महिना," आई म्हणाली. "करारात लिहिलंय." आणि तिनं एक केळं सोलून माझ्या हातात दिलं.