ठिपका म्हणजे षष्ठी!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझी आणि विभक्तीची दुश्मनी जुनी. 'चा-ची-चे' म्हणजे षष्ठी एवढंच पाठ होतं, तेही मार्कांपुरतं. ही षष्ठी खरी समजली ती थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टमध्ये, सी शार्प लिहिताना. हसू नका!

प्रोजेक्ट साधाच, होस्टेलच्या मुलांची यादी. रेक्टर सरांनी कुठल्याही कॉलमवर क्लिक केलं की यादी त्याप्रमाणे लागली पाहिजे. प्रत्येक कॉलमसाठी वेगळा लॅम्डा लिहायचा तर स्विच-केसची मालगाडीच होते. म्हणून ठरवलं, कॉलमचं नाव स्ट्रिंग म्हणून घ्यायचं, उदा. 'रूम.ब्लॉक.नेम', आणि लॅम्डा प्रोग्रामनेच बनवायचा.

युक्ती दहा ओळींची आहे. आधी एक पॅरामीटर बनवायचा, तो म्हणजे विद्यार्थी. स्ट्रिंग ठिपक्यांवर तोडायची. मग लूपमध्ये 'एक्सप्रेशन.प्रॉपर्टी' वापरून विद्यार्थ्याची रूम, त्या रूमचा ब्लॉक, त्या ब्लॉकचं नाव अशी एकेक कडी आधीच्या कडीला जोडत जायचं. शेवटी 'एक्सप्रेशन.लॅम्डा'ला तोच पॅरामीटर द्यायचा. तोच म्हणजे तोच! त्याच नावाचा दुसरा बनवून दिला तर चालत नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे एक षष्ठी, बस्स.

आम्ही हे तयार कोड उचलून चिकटवलं होतं. आमच्या पाच नमुना नावांवर मस्त चाललं. डेमोला खरी यादी टाकली आणि सगळ्यांसमोर प्रोग्राम नल रेफरन्स देऊन आडवा! का? एका मुलाला अजून रूमच मिळाली नव्हती. रूमच नाही, तर रूमचा ब्लॉक कुठून आणणार? गंमत म्हणजे हाच लॅम्डा एंटिटी फ्रेमवर्कमधून डेटाबेसकडे गेला असता, तर त्याचा लेफ्ट जॉइन होऊन निभावलं असतं. आम्ही मात्र यादी आधीच मेमरीत ओढून घेतली होती.

माझं मत स्पष्ट आहे. कोड नेटवरून घ्या नाहीतर एआयकडून लिहून घ्या, पण प्रत्येक ठिपक्यावर थांबून विचारा, 'ही कडी रिकामी असली तर?' दुसरं, स्ट्रिंगमधलं स्पेलिंग कंपायलर तपासत नाही. 'ब्लॉक'चं स्पेलिंग चुकलं तरी बिल्ड हिरवा, आणि चूक कळते ती वापरणाऱ्याच्या क्लिकवर. म्हणून बाहेरून आलेलं नाव आपल्या ठरलेल्या यादीत असेल तरच घ्यावं. आणि कॉलम आधीच माहीत असेल, तर सरळ साधा लॅम्डा लिहावा. उगाच शायनिंग कशाला?

सर-मॅडमना एक विनंती. प्रॅक्टिकलला फक्त आउटपुट बघून सही देऊ नका. एक रेकॉर्ड मुद्दाम अर्धवट भरून चालवायला सांगा. तिथे निम्मा वर्ग पडेल, आम्ही पडलोच होतो.

तो रूम न मिळालेला मुलगा तेव्हा मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी प्रोग्राम लिहिताना चौघांपैकी एकालाही तो आठवला नाही. नल दुरुस्त करायला दोन ओळी लागल्या. ही गोष्ट मात्र अजून टोचते.