दिवस मावळण्याआधीचे ताट

सायंकाळी सहाला जेवणारा माणूस काही वर्षांपूर्वीपर्यंत शहरी मित्रमंडळींत थट्टेचा विषय होत असे. सहलीत, लग्नसमारंभात, कचेरीच्या मेजवानीत त्याच्या ताटाची सोय आधी सांगून ठेवावी लागे आणि ताटाबरोबर चार प्रश्नही वाढले जात. आज त्याच कचेरीत कुणी तरी दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात जेवतो, उरलेले सोळा तास अन्नाला शिवत नाही, आणि त्याचे सर्वांना कौतुक वाटते. मोबाइलमधील ॲप त्याचे तास मोजते. या पद्धतीला ‘इंटरमिटंट फास्टिंग’ असे भारदस्त नावही मिळाले आहे. आजीचा नियम नातवाकडे इंग्रजी नाव घेऊन परत आला, असे म्हणत अनेक जैन घरांतून समाधान व्यक्त होते. त्या समाधानाला आधार कोणता, हे मात्र एकदा तपासून पाहिले पाहिजे.

विज्ञानाने या विषयात मोलाची भर घातली आहे, यात शंका नाही. २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळाले. शरीरातील पेशींमध्ये दिवस-रात्रीचे एक घड्याळ चालते आणि ते कसे चालते, हे त्यांनी फळमाशीवरील संशोधनातून उलगडले. ज्या सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी पूर्वजांनी रात्रीचे ताट दूर सारले, त्यांच्यापैकीच एका चिमुकल्या जीवात हे घड्याळ सापडावे, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. पुढे मूळचे ओडिशाचे आणि अमेरिकेतील सॉल्क संस्थेत काम करणारे सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१२ साली उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या दोन गटांना सारखेच चरबीयुक्त अन्न दिले होते. एका गटाला ते कधीही खाण्याची मुभा होती, दुसऱ्याला केवळ आठ तास. अन्न तेवढेच खाऊनही दुसऱ्या गटातील उंदीर लठ्ठपणापासून बरेच बचावले.

पण विज्ञान तेथेच थांबले नाही. २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांचा आहार सारखाच कमी केला होता. त्यांतील निम्म्या लोकांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्या वेळातच जेवायचे होते. वर्षअखेरीस दोन्ही गटांचे वजन घटले, परंतु दोहोंच्या घटीत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे त्या चाचणीपुरते तरी महत्त्व ठरले ते किती खाल्ले याला, कधी खाल्ले याला नव्हे.

यावरून दिवसाच्या भोजनाचा शरीराला लाभ नाही, असे मुळीच सिद्ध होत नाही. झोपेच्या तोंडावर पोटभर जेवू नये, हे डॉक्टरही सांगतात. प्रश्न निराळा आहे. व्रताला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र जोडले, की उद्याच्या प्रयोगाने ते प्रमाणपत्र मागे घेतल्यावर व्रताचे काय व्हायचे? वजन कमी होते म्हणून जो रात्री जेवत नाही, तो वजन कमी झाल्यावर पुन्हा जेवू लागला तर त्याला दोष देता येणार नाही. त्याने आपला हेतू पूर्ण केलेला असतो.

परंपरेने रात्रिभोजनत्यागाचा हेतू आरोग्यावर उभा केलेला नाही. दशवैकालिक सूत्रात साधूंच्या पाच महाव्रतांपाठोपाठ रात्रिभोजनविरमण सहावे म्हणून येते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमांपैकी सहावी रात्रिभुक्तित्यागाची आहे. तेथे अन्न, पान, खाद्य आणि लेह्य अशा चारही प्रकारच्या आहाराचा रात्री त्याग सांगितला आहे. त्यामागचे कारणही जीवांविषयीची अनुकंपा हेच दिले आहे. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात या विषयाची चर्चा एखाद्या कुशल वकिलाप्रमाणे केली आहे. दिवा लावला तरी अन्नातील सूक्ष्म जीवांची हिंसा कशी टळणार, असा त्यांचा सवाल आहे. विजेच्या लखलखाटात आता सारे दिसते, तेव्हा नियम कालबाह्य झाला, असे म्हणणाऱ्यांनी हा सवाल लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्याच ग्रंथात आणखी एक आक्षेप त्यांनी स्वतःच मांडला आहे. मग दिवसाचे जेवण सोडून रात्रीच जेवले तर काय बिघडले? तेवढ्यानेही हिंसा अर्धी होईलच की! त्यावर त्यांचे उत्तर असे, की रात्रीच्या भोजनात राग, म्हणजे आसक्ती, अधिक असते. हे दुसरे कारण आजवर पहिल्याच्या सावलीत राहिले. भूक भागल्यावरही हात पुन्हा डब्याकडे जातो, तो बहुधा दिवसा नव्हे, रात्री जातो. पडद्यावर मालिका चालू असते, मन रिकामे असते आणि पोटाला नको असलेले जिभेला हवे असते. आजचे शहरी जीवन जवळून पाहिले तर अमृतचंद्रांचे हे निरीक्षण जुने झाले, असे म्हणवत नाही.

जेवणाची वेळ ही निसर्गाने ठरवून दिलेली वस्तू नाही, हे इतर देशांकडे पाहिले की ध्यानात येते. स्पेनमध्ये रात्री नऊ-दहाला जेवणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. त्या देशाने १९४० साली आपली घड्याळे एक तास पुढे केली आणि ती पुन्हा मागे घेतली नाहीत. त्यामुळे तेथे सूर्यही घड्याळाच्या मानाने उशिराच मावळतो. नॉर्वेमध्ये दिवसाचे मुख्य जेवण दुपारी चार-पाचला उरकणारी घरे कितीतरी आहेत. त्यामागे व्रत नाही, केवळ वहिवाट आहे. थायलंड, म्यानमार, श्रीलंका येथील बौद्ध भिक्षू मध्यान्हानंतर अन्न घेत नाहीत. रमजानमध्ये मुस्लिम बांधव याच्या नेमके उलट, सूर्यास्तानंतरच उपवास सोडतात. कुणाचे ताट सूर्याबरोबर मिटते, कुणाचे उघडते. परंतु आपल्या भुकेची वेळ आपल्या इच्छेहून मोठ्या कशाला तरी बांधून ठेवावी, ही जाणीव या साऱ्या व्रतस्थांत समान आहे.

सूर्याला बांधलेला नियम घेऊन माणूस देशांतर करतो, तेव्हा तो नियम खरा कसाला लागतो. मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. फरक जेमतेम सव्वा तासाचा. विषुववृत्तालगतच्या नैरोबीत तर तो वर्षभर साडेसहाच्या आसपासच मावळतो. पूर्व आफ्रिकेत स्थिरावलेली अनेक जैन कुटुंबे विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत ब्रिटनमध्ये गेली, लंडन आणि लेस्टरमध्ये वसली. तेथे डिसेंबरात दुपारचे चार वाजण्यापूर्वीच अंधार पडतो आणि जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या ज्या नियमाला घड्याळ पाहावे लागले नव्हते, तो नियम येथे वर्षातून दोनदा वेगळे रूप घेऊ लागला. हिवाळ्यात कचेरीतच दुपारी साडेतीनला डबा उघडायचा, की घरी येऊन अंधारात जेवायचे? उन्हाळ्यात रात्री नऊला जेवले तर व्रत अक्षरशः पाळले जाते, मग पोट काही म्हणो. नॉर्वेच्या उत्तरेस ट्रॉम्सो येथे तर उन्हाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात दीड-दोन महिने उगवत नाही. तेथे अक्षराला चिकटून बसणारा एक तर अहोरात्र जेवू शकेल किंवा महिनोन्‌महिने उपाशी राहील.

उत्तरेकडील मुस्लिम समाजापुढे रमजानमध्ये हाच पेच उभा राहतो आणि मक्केची किंवा जवळच्या अन्य शहराची वेळ धरावी, असे मार्ग त्यांच्या धर्मशास्त्रज्ञांनी सुचविले आहेत. परदेशस्थ जैनांतही कुणी सूर्याची वेळ धरतो, कुणी सहा-सातचा एक ठरावीक तास धरतो, कुणी चातुर्मासापुरता किंवा पर्युषणापुरता नियम घेतो. यांपैकी कोण खरा आणि कोण खोटा, असा निवाडा पुण्यात किंवा सांगलीत बसून देणे सोपे आहे. परंतु कचेरीच्या बैठकीतून दहा मिनिटांची परवानगी घेऊन, मावळत्या उजेडात एकटाच डबा खाणाऱ्या तरुणाचे व्रत, घरी आयते ताट मिळणाऱ्याच्या व्रताहून हलके कसे म्हणता येईल?

तसे पाहिले तर देशांतर करण्यासाठी विमानात बसावेच लागते असे नाही. सांगली-कोल्हापूरकडील शेतकरी जैन कुटुंबे शेतातून परतत ती दिवेलागणीच्या आत, आणि चुलीवरची भाकरी उजेडातच ताटात पडे. तेथे कामाची वेळ आणि व्रताची वेळ एकच होती. त्याच कुटुंबांतील मुले-मुली आता मुंबई-पुण्यात नोकरी करतात आणि रात्री आठ-साडेआठला घरी पोहोचतात. सासू-सासरे सहाला जेवतात, नातवंडे साडेसातला, मुलगा-सून साडेनऊला. ओटा तीनदा पुसला जातो. ज्या घरात सून नोकरी करीत नाही, तेथे दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत ती ओट्यापासून हलत नाही. ज्या घरात करते, तेथे सुट्टीच्या दिवशी तिची सुट्टी स्वयंपाकघरात संपते.

या ठिकाणी अहिंसेच्या नियमाने स्वतःलाच एक प्रश्न विचारायला हवा. नियम एकाचा आणि राबणे दुसऱ्याचे, अशी वाटणी झाली तर सूक्ष्म जीवांवर केलेली दया घरातल्या एका मोठ्या जीवाच्या थकव्यातून वसूल होते. व्रत घेणाऱ्याने आपले ताट आपल्या हाताने वाढून घेतले, सकाळच्या स्वयंपाकातच सायंकाळची सोय केली, निवृत्त सासऱ्यांनी मुगाची खिचडी शिजवायला शिकून घेतली, तर व्रताला उणेपणा येत नाही. उलट त्याचे क्षेत्र विस्तारते. ज्यांना जमेल त्यांनी साडेपाचला कचेरीतच डबा खावा. मुंबईच्या काही व्यापारी पेठांत नोकरदारांसाठी चौविहाराची सोय समाजाने केली आहे, तशी इतर शहरांतही व्हावी. लग्नपत्रिकेवर चौविहाराची वेळ छापण्याबरोबरच सारा समारंभच दिवसाउजेडी घेतला, तर वाढपी आणि आचारीही मध्यरात्रीपूर्वी आपापल्या घरी पोहोचतील.

एकत्र जेवण हे कुटुंबाचे मोठे सुख आहे, आणि नियम ते हिरावून घेतो ही तरुणांची तक्रार खोटी नाही. तिला उत्तर म्हणून नियम सोडणे किंवा तक्रार दडपणे, हे दोनच मार्ग नाहीत. रविवारी सायंकाळी साडेपाचला सर्वांनी मिळून जेवावे. इतर दिवशी मुलगा-सून जेवायला बसतील तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांच्याजवळ येऊन बसावे. पुढ्यात ताट नसले म्हणून पंगतीत बसता येत नाही, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. आणि बसल्यावर घड्याळाकडे पाहून सुस्कारा सोडू नये, एवढे पथ्य पाळावे.

तरुणांनीही एका गोष्टीचा विचार करावा. रात्री साडेअकराला मोबाइलवरून मागविलेला पदार्थ दाराशी येतो, तेव्हा तो आपण होऊन चालत आलेला नसतो. कुणी तरी त्या वेळी भट्टीपुढे उभा असतो आणि कुणी तरी भर पावसात दुचाकी हाकत, मिनिटे मोजत आलेला असतो. त्यांना रोजगार मिळतो हे खरेच. पण आपली ती भूक खरी होती की केवळ कंटाळा होता, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. दिव्याभोवतीचे किडे दिसत नाहीत म्हणून आजचा माणूस निश्चिंत होतो. दाराशी उभा राहिलेला भिजलेला माणूस तर विजेच्या प्रकाशात स्पष्ट दिसतो.

आजीचा नियम आणि नातवाचे सोळा तास वरवर सारखे दिसतात. दोघांच्याही ताटात रात्री काही नसते. नातवाचे तास त्याच्या शरीरासाठी आहेत आणि त्यात वावगे काही नाही, शरीर नीट ठेवणे हेही कर्तव्यच आहे. आजीचा नियम मात्र इतर जीवांसाठी होता. नातवाने तेच तास पाळता पाळता एखाद्या सायंकाळी आजीला त्यामागचे कारण विचारले, आणि आजीने ‘आरोग्याला बरे असते’ एवढ्यावर न थांबता ते कारण नीट समजावून दिले, तर ॲपमध्ये मोजलेल्या तासांना व्रताचा अर्थ येऊ शकेल. मग तो तरुण लंडनमध्ये असो की लातूरमध्ये, कोणत्या तासाला जेवायचे हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावे लागणार नाही.