पानगळ म्हणजे कचरा नव्हे!

मंडळी, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "तुमच्या वडशाला कसला आलाय वसंत? थंडी संपली की थेट भट्टी!" अर्धं मान्य. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, आणि तेव्हा वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीचं नाव देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांत झळकत असतं. नदीच्या अलीकडे आम्ही काही गार वारा खात बसलेलो नसतो :)

पण आमचा वसंत त्याआधीच येतो. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम होळीच्या सुमारास सरत येतो ना, तेव्हा. तो हिरवा नसतो म्हणून कुणाला दिसत नाही, इतकंच. उन्हाळ्यात पाणी राखायचं म्हणून झाडं आधी पानं टाकतात. पळस, सावर उघडे पडतात आणि मग फुलतात. पानांचा आडोसा नसल्यानं मैना-बुलबुलांना फुलं लांबून दिसतात. कुसुमाची पालवी तर इतकी लाल की नवख्याला फुलंच वाटावीत. अंगणातला कडुनिंब रोज सुपं भरभरून पिवळी पानं गाळतो, मागोमाग तांबूस पालवी आणि मोहोर. पाडव्याला गुळाबरोबर आपण तोंडात टाकतो तो हाच.

तर माझं भांडण पुण्याशी नाहीच, आमच्याच वॉर्डाशी आहे. सकाळी सातला खराटा, साडेसातला ढीग, आठला आगपेटी! दारोदारी धूर. लहान पोरं खोकताहेत, वाळत घातलेल्या कपड्यांना वास येतोय, आणि आपण म्हणे अंगण "स्वच्छ" केलं. २०१६ च्या घनकचरा नियमांत उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली होती, बागेतला पाला आपल्याच आवारात वेगळा ठेवा असंही सांगितलं होतं. वाचतो कोण?

हीच माणसं संध्याकाळी चहा पिताना म्हणणार, "मोहफुलं वेचणारे जंगल जाळतात हो!" अहो, मोह पहाटे गळतो. वाळल्या पाल्यात फूल सापडत नाही, म्हणून झाडाखाली आग लावली जाते. वाईटच आहे ते, त्यातून वणवे लागतात. झाडून घेतलं तरी भागतं. पण त्या आगीमागे निदान घरच्या मीठ-तेलाचा प्रश्न असतो. तुमच्या आगपेटीमागे काय आहे? शेजारीण काय म्हणेल, एवढंच ना?

आणि दुसरी जमात त्याहून भारी. पानांचा त्रास नको म्हणून झाडच तोडायचं आणि अंगणभर सिमेंटचे गट्टू बसवायचे. मग मे महिन्यात त्याच गट्टूंवर पाय भाजतात, कूलर रात्रभर घरघरतो, आणि वीजबिल बघून सरकारला शिव्या!

आमच्याकडे पाला लिंबाच्या आणि मोगऱ्याच्या बुडाशी चार बोटं पसरतात. ओल टिकते, पाणी कमी लागतं. सातभाई दुपारभर तो उलथत कलकलाट करत असतात, त्याची करमणूक वेगळीच. उरलेला मागच्या खड्ड्यात जातो, थोडं शेण आणि पाणी टाकलं की पुढच्या वर्षी खत.

असो. वॉर्डातल्या ज्यांना आपला पाला नकोसा झालाय त्यांनी तो पोत्यात भरून आमच्या फाटकाशी ठेवावा. खड्ड्यात अजून जागा आहे. गुटख्याच्या पुड्या मात्र आधी वेचून काढा, ही विनंती.