विश्लेषण : समुद्रतळाखाली वायू आहे की पाणी, हे कसे ओळखतात?

अंदमानच्या समुद्रातील ‘श्री विजयपुरम-२’ या विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याची घोषणा केंद्रीय पेट्रोलियममंत्री हरदीपसिंग पुरी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये केली. इथे गयानाच्या तोडीचा साठा सापडू शकतो, अशी आशा त्यांनी आधीच व्यक्त केली होती. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशात अशा घोषणेने अपेक्षा वाढतात. पण विहीर खोदण्यापूर्वी खाली काय आहे याचा अंदाज कसा बांधतात आणि त्यावर किती विसंबावे?

लहरींमधून काय कळते?

सर्वेक्षण जहाजावरील एअर गनमधून दाबाखालची हवा पाण्यात सोडली जाते. त्यातून निघालेल्या ध्वनिलहरी भूथरांवरून परततात आणि जहाजामागच्या केबलमधील हायड्रोफोन त्या टिपतात. मात्र परावर्तन होते ते दोन थरांच्या सीमेवर. त्यामुळे थर कुठे बदलला हे समजते, तो कशाचा आहे हे नाही.

इम्पिडन्स म्हणजे काय?

खडकाची घनता आणि त्यातून जाणाऱ्या लहरीचा वेग यांचा गुणाकार म्हणजे इम्पिडन्स. लगतच्या थरांच्या इम्पिडन्समध्ये जितका फरक, तितके परावर्तन तीव्र. यावरून उलट गणित मांडून प्रत्येक थराचा इम्पिडन्स काढतात. त्याला ‘इन्व्हर्जन’ म्हणतात. लहरींच्या नोंदीत अतिशय कमी वारंवारितेची माहिती नसते. ती जवळच्या विहिरींमधील मोजमापांवरून भरावी लागते. अंदमानमध्ये विहिरीच मोजक्या असल्याने अडचण इथूनच सुरू होते.

खडक आणि वायू कसा ओळखतात?

सच्छिद्र वालुकाश्मात पाण्याऐवजी वायू असेल तर घनता आणि वेग दोन्ही घटतात, इम्पिडन्स घसरतो. पण कोळशाच्या थराचा इम्पिडन्सही कमीच असतो. म्हणून दुसरा पुरावा लागतो. प्राथमिक (पी) लहरींचा वेग छिद्रांतील वायूमुळे घटतो, दुय्यम (एस) लहरींच्या वेगावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. परतणाऱ्या लहरींची तीव्रता कोनानुसार कशी बदलते, यावरून दोन्ही वेगांचे गुणोत्तर काढतात. ते कमी आले तर वायूची शक्यता वाढते.

मग अंदाज चुकतो कुठे?

मुख्यतः वायूच्या प्रमाणात. छिद्रांमध्ये काही टक्केच वायू असला तरी पी लहरींचा वेग भरपूर वायू असल्याइतकाच घसरू शकतो. त्यामुळे आशादायक दिसणाऱ्या जागी खोदल्यावर हाती बहुतांश पाणी लागते. घनता वायूच्या प्रमाणानुसार बदलते, पण लहरींवरून ती अचूक काढणे अवघड. शिवाय ३० हर्ट्झ वारंवारिता आणि सेकंदाला ३,००० मीटर वेग धरला तर सुमारे २५ मीटरपेक्षा पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसत नाहीत.

अंदमानमध्ये पुढे काय?

या विहिरीत २,२१२ ते २,२५० मीटर खोलीवर चाचणी झाली. नमुन्यात ८७ टक्के मिथेन आढळला. म्हणजे वायूचे अस्तित्व सिद्ध झाले, साठ्याचा आकार आणि व्यावसायिक उपयुक्तता नव्हे. त्यासाठी आणखी विहिरी आणि दीर्घ उत्पादन चाचण्या लागतील. या विहिरीची मोजमापे आता आसपासच्या सर्वेक्षणांच्या गणिताला आधार देतील, पुढची विहीर कुठे घ्यावी हे ठरवणे सोपे होईल. गयानाशी तुलना त्यानंतरच करता येईल.